गप्प झालेलं पोर

(हा आमच्या ऑडिओ भागाचा मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचं पडतं त्यांच्यासाठी, बोललो तसाच ठेवला आहे.)

कुठे आहात? कंपनीच्या बसमध्ये, मेट्रोत, की पोराला झोपवून सिंकमधली भांडी घासत ऐकताय?

आजचा विषय आहे उन्हाळी सुट्टी आणि लहान पोरांना घेऊन फिरायला जाणं. तुम्ही म्हणाल, हा कोण आला आम्हाला शिकवायला? बरोबर आहे. मी शिकवायला बसलेलोच नाही. माझी कशी फजिती झाली ते सांगायला बसलोय. फजिती हा शब्दही खरं तर हलका आहे. त्या दिवशी थोडं इकडचं तिकडं झालं असतं तर हा भाग रेकॉर्ड करायची माझी हिंमत झाली नसती.

तर सुरुवात फोटोंपासून करतो. गेल्या वर्षी एप्रिलअखेरच्या एका रविवारी माझ्या फोनमध्ये २१४ फोटो जमा झाले. सिंहगडाचे. त्यातल्या दोन फोटोंत माझी लेक हसतेय, आणि ते दोन्ही फोटो घरातून निघण्याआधीचे आहेत, पार्किंगमधले. उरलेल्या २१२ मध्ये मी हसतोय.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी एकोणतीस वर्षांचा, बीटेक, हिंजवडीत कोड लिहितो. बायको दुसऱ्या एका कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे बग मी करतो आणि ती शोधते, ऑफिसातही आणि घरातही. लेक तेव्हा सव्वातीन वर्षांची होती. घरात तिला पिल्लूच म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

आता मला फिरण्याचं एवढं वेड का, ते सांगायला फलटणला जावं लागेल. आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची, फलटणच्या एसटी स्टँडजवळ रसवंती. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ म्हणा हवं तर. चरकाला घुंगरू बांधलेलं, बाहेर हिरवं कापड, दोन बाकडी, आणि वर पाटी कानिफनाथांच्या नावाची. तुम्ही महाराष्ट्रात कुठेही रस प्यायला असाल तर ही पाटी पाहिली असेलच. पुरंदरमध्ये बोपगावजवळ कानिफनाथांचं ठाणं आहे, आमचं मूळ गाव त्याच भागातलं, आणि तिकडची बरीच मंडळी याच धंद्यात राज्यभर पांगलेली.

रसवंतीचा सीझन म्हणजे महाशिवरात्रीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत. वर्षाची कमाई त्या तीन-साडेतीन महिन्यांत. त्यामुळे वर्गातली पोरं मे महिन्यात मामाच्या गावाला, महाबळेश्वरला, गणपतीपुळ्याला जायची, तेव्हा मी आणि ताई ग्लास विसळायचो. आलं धुवायचं, लिंबं चिरायची, चिपाडं उचलून मागे टाकायची. जूनमध्ये शाळा उघडली की निबंध ठरलेला, मी उन्हाळी सुट्टी कशी घालवली. मी दरवर्षी महाबळेश्वरला जायचो, वहीत.

तेव्हाच मनात पक्कं केलं होतं, माझं पोर असं निबंधात फिरणार नाही. ते खरंखुरं फिरेल. आणि मी फोटो काढेन.

आता तो रविवार. मी शीट बनवली होती. हसू नका, तुम्हीही बनवता. ७ वाजता निघणे, ७.४५ खडकवासला, ८.३० गडावर, ९ ते ११ तानाजी कडा, कल्याण दरवाजा, देवटाकं, ११.३० पिठलं-भाकरी, १२.३० परत. प्रत्येक ओळीसमोर रंग. बायकोनं एकदाच विचारलं, "यात पिल्लूची झोप कुठल्या ओळीत आहे?" मी म्हणालो, "गाडीत झोपेल की."

सातचे सव्वानऊ झाले. ज्यांच्या घरात तीन वर्षांचं पोर आहे त्यांना कारण सांगायला नको. ज्यांच्या घरात नाही त्यांना सांगून कळणार नाही. त्याच वेळी प्लॅन बदलायला हवा होता. प्रॉडक्शनला काही टाकताना दोन तास उशीर झाला तर आम्ही थांबतो, दुसऱ्या दिवशी टाकतो. पण घरच्या बाबतीत मी थांबलो नाही. म्हटलं, आता निघालोच आहोत.

खडकवासल्याच्या चौपाटीवर गाड्या तुंबलेल्या. पुढे डोणजे, गोळेवाडी, आणि मग घाट. रविवारी सिंहगडाच्या घाटात जो अडकलाय त्याला पुढचं माहीत आहे. एक गाडी सरकते, दहा थांबतात. चढावर थांबून-थांबून गाडीचं इंजिन तापायला लागलं तसा मी एसी बंद केला आणि काचा खाली घेतल्या. बाहेरून डिझेलचा धूर आणि गरम वारा. पाऊण तास. पिल्लू आधी गाणी म्हणत होती. मग पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि बाटली ढकलली. मग किरकिर. मग "घरी जायचं" सुरू झालं. मी म्हणालो, "आता वर गेलो ना की गंमत आहे."

वर पोहोचायला पावणेबारा. पुण्यात त्या दिवशी पारा चाळिशीला टेकलेला. सिंहगड समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर उंच आहे, त्यामुळे वर वारा असतो आणि वाऱ्यामुळे आपल्याला वाटतं की ऊन लागत नाहीये. हाच घात होतो. ऊन लागतच असतं, घाम वाऱ्यावर वाळतो म्हणून कळत नाही एवढंच.

मी पिल्लूला खांद्यावर घेतलं आणि फोटो सुरू केले. "पिल्लू, इकडे बघ. पिल्लू, हस." ती हसली नाही, पण किरकिर थांबली होती. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, रमली एकदाची. पुढची पंधरा-वीस मिनिटं ती माझ्या डोक्यावर हनुवटी टेकून गप्प बसून होती, आणि मी तिला तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट सांगत होतो. १६७०, कोंढाणा, सगळं.

बायको मागून आली, तिनं पिल्लूच्या मांडीला हात लावला आणि म्हणाली, "हिला उतरव. आत्ता."

अंग तापलेलं, गाल लाल, ओठ सुकलेले. उभी केली तर पायात जोर नाही, माझ्या गुडघ्याला टेकून राहिली. हाक मारली की डोळे उघडायची आणि मिटायची. मी घाईघाईनं पिशवीतला ज्यूसचा पॅक काढला, स्ट्रॉ तोंडात दिली. तिनं तीन-चार घोट घेतले आणि सगळं बाहेर आलं.

समोर एक आजी झोपडीवजा टपरीत मडक्यातलं दही विकत होत्या. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. दह्याची मडकी एका बाजूला सारली, चटई टाकली, "हितं निजवा पोरीला" म्हणाल्या, आणि स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल माठातल्या पाण्यात भिजवून बायकोच्या हातात दिला. बायकोनं पिल्लूचा फ्रॉक काढला. त्या फ्रॉकचंही सांगतो, फोटोत छान दिसावा म्हणून मीच निवडलेला, आतून अस्तर असलेला, नायलॉनचा.

मी काय केलं? मी फोनवर शोधत बसलो. रेंज एक काडी. मग मी आबांना फोन लावला. का लावला ते माहीत नाही. डॉक्टरांचा नंबर होता माझ्याकडे, तरी बोट आबांच्या नावावर गेलं.

आबांनी तीन प्रश्न विचारले. "रडतीय का?" मी म्हणालो, नाही, गप्प आहे. "शू कधी केली हुती?" मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, घरातून निघताना, नऊला. तेव्हा एक वाजत आला होता. "हाक मारली की बघतीय का?" म्हटलं, बघतेय.

"मग ऐक. ओलं फडकं अंगभर फिरव, वारा घाल. पाण्यात साखर-मीठ टाक आणि चमच्यानं पाज, घटाघटा नको. आणि लगेच खाली डॉक्टरकडं ने. हाक मारून बघंनाशी झाली तर पाणी पाजू नको, नुस्ता पळ."

आजींकडे साखर होती, मीठ होतं, चहाचा चमचा होता. दर दोन-तीन मिनिटांनी एक-एक चमचा. पंधरा-वीस मिनिटांनी पिल्लूनं डोळे नीट उघडले आणि "आई" म्हणाली. मग रडायला लागली. मंडळी, त्या रडण्याइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

उतरताना घाट मोकळा होता. बायको मागे पिल्लूला घेऊन, एसी चालू, चमचा चालू. डॉक्टरांनी तपासलं, ताप मोजला, दोन तास बसवून ठेवलं, ओआरएस पाजलं, शू झाल्यावर सोडलं. म्हणाले, उष्णतेनं थकवा आलाय, शरीरातलं पाणी कमी झालंय, वेळेत लक्षात आलं म्हणून इथवरच थांबलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मी तुम्हालाही समजावतो, कारण बीटेक होऊनही मला हे माहीत नव्हतं.

लहान पोरं म्हणजे छोटी मोठी माणसं नव्हेत. त्यांच्या वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचा पसारा जास्त असतो, त्यामुळे बाहेर अंगापेक्षा जास्त गरम असलं की ती आपल्यापेक्षा लवकर तापतात. धावताना किलोमागे त्यांच्या अंगात उष्णताही जास्त तयार होते. आणि घाम आपल्याहून कमी येतो, म्हणजे कूलिंग सिस्टीमही छोटी. शिवाय तहान लागली तरी खेळण्याच्या नादात सांगत नाहीत. पाणी आपल्या हातात असतं, त्यांच्या नाही.

खुणा कुठल्या? चिडचिड, मग सुस्ती. तोंड कोरडं. रडताना डोळ्यांत पाणी नाही. सहा-आठ तास शू नाही, किंवा झालीच तर गडद पिवळी. उलटी, डोकं दुखणं. इथपर्यंत असेल तर सावली, कपडे सैल, ओलं फडकं, वारा, घोट-घोट ओआरएस, आणि डॉक्टर. पण अंग ४० अंशांच्या पुढे तापलं, पोर बरळायला लागलं, झटके आले, हाकेला ओ देईना, तर तो उष्माघात. तिथे घरचे उपाय करत बसायचं नाही. १०८ ला फोन, आणि मदत येईपर्यंत अंग गार करत राहायचं. शुद्ध नसलेल्या पोराच्या तोंडात काही घालायचं नाही. आणि तापाचं औषध इथे उपयोगाचं नसतं, कारण हा ताप संसर्गाचा नसतो.

ओआरएसबद्दल एक मिनिट. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अख्खं पाकीट, अख्खा लिटर. अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतायचं नाही, आणि पोर पीत नाही म्हणून वर साखरही घालायची नाही. छोटी पाकिटंही मिळतात, त्यावर पाण्याचं माप लिहिलेलं असतं, ते वाचा. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्या. पाकीट नसेल तर घरी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट चमचे, शिगोशीग नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला आईचं दूध, पुन्हा पुन्हा, वरचं पाणी नाही.

आणि दुकानात रंगीत पॅकवर ओआरएस लिहिलेलं दिसलं म्हणून ते ओआरएस, असं समजू नका. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, अशा गोड पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. पण जुनी सवय आपल्या हाताला असते. खरं ओआरएस औषधाच्या दुकानात मिळतं, आणि त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असतो. माझ्या पिशवीत त्या दिवशी तीन ज्यूस, दोन वेफर्स आणि एक पॉवर बँक होती. ओआरएस नव्हतं.

त्या रात्री पिल्लू झोपल्यावर आम्ही दोघं हॉलमध्ये बसलो होतो. मी माफी मागायला तोंड उघडलं तर बायको म्हणाली, "थांब. मला एक सांगू दे. तू आम्हाला फिरायला नेत नाहीस. तू ट्रिप डिप्लॉय करतोस. तारीख ठरली की झालं पाहिजे, मग आत काहीही मोडो. ती ट्रिप पिल्लूसाठी नव्हती. तुझ्यातल्या त्या ग्लास विसळणाऱ्या पोरासाठी होती."

मला उत्तर देता आलं नाही. आजही नाही देता येत.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही फलटणला गेलो. बायकोला वर्क फ्रॉम होम मिळालं, मी सुट्टी टाकली. रसवंती आता चुलतभाऊ चालवतो, चरक विजेवर चालतो, पण घुंगरू तसंच आहे आणि आबा रोज दोन तास तरी बाकड्यावर जाऊन बसतात. सहासष्ट वर्षांचे आहेत.

त्यांना मी विचारलं, "आबा, फोनवर पहिलाच प्रश्न रडतेय का, असा कसा विचारलात?"

म्हणाले, "चाळीस वर्षं स्टँडसमोर बसलोय. भर दुपारी एसटीतनं उतरलेली पोरं बघितलीत. रडणाऱ्या पोराला भ्यायचं न्हाई, त्याच्यात जीव आहे. गप झालेल्या पोराला भ्यायचं." मग सांगू लागले की अशा पोरांना ते आधी मागच्या बाजूला, ओल्या गोणपाटाच्या पडद्याआड निजवायचे. रस द्यायचे नाहीत. लहान पोराला बर्फाचा रस तर नाहीच नाही, बर्फ कुठल्या पाण्याचा ते आपल्याला काय माहीत, असं रसवंतीचा मालक म्हणतोय, लक्षात घ्या. आधी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, चमच्यानं. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत.

हे सगळं माझ्यासमोर घडत होतं, मंडळी. मी तिथेच ग्लास विसळत होतो. आणि मला ते दिसलंच नव्हतं, कारण माझं लक्ष महाबळेश्वरात होतं.

दोन दिवसांनी आबा पिल्लूला म्हणाले, "चल, लाल गाडीत बसायचं का?" मी लगेच विचारलं, कुठे जायचं? आबा म्हणाले, "लोणंद." मी म्हणालो, लोणंदला काय आहे? "कांदा," आबा म्हणाले, आणि टोपी घातली.

सकाळी पावणेसातची एसटी. पाच वर्षांच्या आतलं पोर म्हणून पिल्लूचं तिकीट नाही. आई आणि बायको, दोघींना महिला म्हणून अर्धं. आबा पासष्टच्या पुढचे, त्यांनाही अर्धं. पूर्ण तिकीट घरात एकट्या माझं. कंडक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचा कायतरी घोटाळा झालाय साहेब." अख्खी गाडी हसली. पिल्लूला काहीच कळलं नाही, पण सगळ्यात जास्त तीच हसली.

खिडकीची जागा. उसाची शेतं, मेंढ्यांचा कळप, रस्त्याकडेला चिंचेच्या झाडाखाली थांबलेली बैलगाडी. पिल्लूनं कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं मशीन पाहिलं आणि पुढचा अर्धा तास ती सगळ्यांना "तिकीट, तिकीट" म्हणत हवेतली तिकिटं वाटत होती. लोणंदला उतरून रेल्वे स्टेशनवर गेलो. पुणे-मिरज मार्गावरचं स्टेशन आहे. बाकावर बसून घरून आणलेली चपाती-गूळ खाल्ली. एक मालगाडी गेली. पिल्लूनं डबे मोजले, म्हणजे एक, दोन, तीन, पाच, नऊ, तीन. मग परतीची एसटी. दहाच्या आत घरी. उन्हाला जोर चढायच्या आधी तिची अंघोळ झाली होती आणि ती पंख्याखाली झोपली होती.

फोटो किती काढले? चार. एकही नीट नाही. गाडी हलत होती.

परतताना मी आबांच्या शेजारी बसलो होतो. बऱ्याच वर्षांपासूनचं मनातलं विचारून टाकलं. म्हटलं, आबा, आम्हाला का नाही कधी नेलंत असं? एवढं तरी?

आबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "नेत नव्हतो व्हय? रोज संध्याकाळी पाचच्या गाडीला कोण बसायचं कंडक्टरशेजारी? पुढच्या फाट्यापर्यंत जायचास, ते तुला येणाऱ्या गाडीत बसवून द्यायचे. बदल्यात त्यांना रस. दोन उन्हाळं चाललं ते. तू गाडीतनं उतरलास की ताईला तिकिटं वाटायचास."

मला आठवत नव्हतं. अजूनही पूर्ण आठवत नाही. कंडक्टरच्या कातडी पिशवीचा वास आठवला, आणि चिल्लर खुळखुळण्याचा आवाज. बाकी काही नाही. फोटो नव्हता ना. मी पंचवीस वर्षं मनात धरून होतो की मला कुणी कुठे नेलं नाही.

आबा पुढे काही बोलले नाहीत, मीही नाही. पण एक खरं सांगतो. आबांच्या आवाजात जे होतं ते मला पुढे कित्येक दिवस ऐकू येत होतं. त्यांना वाटत होतं की आपण नेलं होतं. आणि पोरगा म्हणतोय, नेलं नाही.

असो. आता यंदाचा उन्हाळा आलाय. आमच्या घरात शीट आहे अजून, पण ती बायकोनं बनवलीय आणि त्यात फक्त काही ओळी आहेत. त्या वाचून दाखवतो.

पहिली ओळ, उन्हाच्या आत घरी. सकाळी दहाच्या आत परत, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर बाहेर. निघायला उशीर झाला तर ट्रिप रद्द, वाद नाही.

दुसरी, एका वेळी एकच गोष्ट. कात्रजचं प्राणिसंग्रहालय म्हणजे फक्त कात्रज, आणि तेही सगळं नाही. हत्ती आणि वाघ झाले की घरी. बुधवारी ते बंद असतं, ही चूकही आम्ही करून झालोय. पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ पासून पुण्यातल्या पोरांना फिरवतेय, तिच्यासाठी संध्याकाळचा एक तास ठेवा, त्याला वेगळं काही जोडू नका. दुपारीच बाहेर काढायची वेळ आली तर छपराखालची जागा, केळकर संग्रहालयासारखी. तिथले दिवे आणि अडकित्ते बघून पोरं चक्रावतात.

तिसरी, पिशवी. पाणी, दोन ओआरएस पाकिटं, चमचा, सुती टोपी, एक जास्तीचा सुती कपडा जो भिजवता येईल. पाणी दर वीस-पंचवीस मिनिटांनी द्यायचं, मागायची वाट बघायची नाही. आणि शेवटची शू कधी झाली ते दोघांनाही माहीत हवं. आम्ही एकमेकांना मेसेज करतो, नुसतं "शू ११.१०" असं. एकदा तो मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर गेला. त्यावर आजचा भाग नाही.

चौथी, गाडी. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी तापू शकते. काच जराशी खाली ठेवली तरी फारसा फरक पडत नाही. "दोन मिनिटांत येतो" म्हणून पोराला गाडीत ठेवायचं नाही. झोपलेलं असलं तरी उचलायचं. आणि उन्हात उभ्या गाडीतल्या सीटबेल्टच्या बकलला आधी आपला हात लावून बघायचा. बागेतल्या पत्र्याच्या घसरगुंडीलाही तोच नियम.

पाचवी ओळ बायकोनं लिहिली नाही, मी लिहिली. पोर गप्प झालं की फोन खिशात. आधी तिच्याकडे बघायचं, तिला हात लावायचा, हाक मारायची. फोटो नंतर.

सिंहगडाच्या त्या आजींकडे आम्ही डिसेंबरमध्ये जाऊन आलो. सकाळी साडेसातला गडावर होतो, थंडी होती. त्यांना आम्ही आठवत नव्हतो. म्हणाल्या, "उन्हाळ्यात लई येत्यात असली पोरं." त्यांचा टॉवेल परत करायला नेला होता, त्या दिवशी गडबडीत आमच्याबरोबरच आला होता. त्यांनी तो घेतला, झटकला आणि खांद्यावर टाकला. पिल्लूनं दोन मडकी दही खाल्लं.

तर मंडळी, यंदा कुठे जाताय? लांब नाही गेलात तरी चालेल. पहाटेच्या एसटीनं शेजारच्या गावाला जाऊन या, आणि काय पाहिलं ते मला बोलून पाठवा, एक-दोन मिनिटांचा आवाज पुरे. पुढच्या भागात ताईला घेऊन बसणार आहे. तिला मात्र त्या पाचच्या गाडीचं सगळं आठवतं, आणि तिची तक्रार आहे की तिला कधीच कंडक्टरशेजारी बसू दिलं नाही.

तोवर पाणी प्या, पोरांना पाजा. भेटू.